मुक्तीचा निर्णय घराघरांत पोहोचविणारा चित्रकार

एका मोठ्या टेबलाभोवती आठ माणसे जमली आहेत. काही बसलेली, काही उभी. एकाच्या हातात कागद आहे आणि समोरचा गृहस्थ त्याला काही तरी समजावून सांगतो आहे. चित्रात रणांगण नाही, फडकणारे निशाण नाही, तुटून पडलेल्या बेड्याही नाहीत. एखाद्या कचेरीतील नेहमीची बैठक वाटावी असे हे दृश्य. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे छापील चित्र अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतील असंख्य घरांच्या भिंतींवर मानाने टांगलेले असे. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपल्या मंत्रिमंडळापुढे प्रथम वाचला, तो हा प्रसंग. ज्या चित्रकाराने तो साकारला, त्याचे नाव फ्रान्सिस बिकनेल कार्पेंटर. एका निर्णयाचे चित्र काढण्यासाठी या माणसाने सहा महिने राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी मुक्काम ठोकला आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्या एका चित्राच्या सावलीत काढले.

कार्पेंटर यांचा जन्म ६ ऑगस्ट १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील होमर या छोट्या गावी झाला. वडील शेतकरी. मुलाचे लक्ष मात्र शेतीत नव्हते. हाताला मिळेल त्या पृष्ठभागावर चेहरे रेखाटणे हाच त्याचा छंद. किशोरवयात जवळच्या सिरॅक्यूस शहरातील सॅनफर्ड थेयर या चित्रकाराकडे त्याने काही महिने धडे घेतले. औपचारिक शिक्षण म्हणता येईल ते एवढेच. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने गावातच स्वतःची चित्रशाळा थाटली. आसपासच्या प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रे काढून पोट भरता येते असा विश्वास आल्यावर १८५१ मध्ये त्याने न्यूयॉर्क शहर गाठले. लगेच पुढच्या वर्षी नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन या मान्यवर संस्थेने त्याला सहयोगी सदस्यत्व दिले. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

छायाचित्रण अजून बाल्यावस्थेत असल्याने तैलरंगातील व्यक्तिचित्रांना तेव्हा मोठी मागणी होती. कार्पेंटर यांच्यासमोर मिलार्ड फिलमोर, फ्रँकलिन पिअर्स आणि जॉन टायलर हे राष्ट्राध्यक्षपद भूषविलेले नेते बसले. धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर, संपादक होरेस ग्रीली अशा नामवंतांचीही चित्रे त्यांनी काढली. समोरच्या माणसाचे हुबेहूब रूप उतरविणारा विश्वासू चित्रकार अशी त्यांची ख्याती झाली. परंतु अशी चित्रे ज्याची त्याच्या घरी जातात आणि तेथेच राहतात. साऱ्या देशाने पाहावे असे काही तरी आपल्या हातून घडावे, ही इच्छा त्यांच्या मनात मूळ धरू लागली होती.

ती संधी इतिहासाने दिली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६० च्या शिरगणतीनुसार त्या देशात सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलामीत होती. युद्धाचे मूळ कारण गुलामगिरी हेच असले तरी प्रारंभी लिंकन यांनी संघराज्य टिकविणे हाच आपला हेतू असल्याचे जाहीर केले होते. युद्ध लांबत गेले तसे त्यांचे मत बदलले. २२ जुलै १८६२ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावून बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखविला. निर्णय आपण घेतला आहे, सल्ला हवा तो तपशिलापुरता, असा त्यांचा पवित्रा होता. परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी जाहीरनाम्याला विरोध केला नाही. त्यांची शंका वेळेबद्दल होती. रणांगणावर पीछेहाट होत असताना असा जाहीरनामा काढला तर हताश सरकारची ती शेवटची धडपड वाटेल, तेव्हा एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, असे त्यांनी सुचविले. लिंकन यांना ते पटले. १७ सप्टेंबर रोजी अँटिएटमच्या लढाईनंतर शत्रूला माघार घ्यावी लागली आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला.

या जाहीरनाम्याला मर्यादा होत्या. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी या गुलामगिरी असलेल्या राज्यांना तो लागू नव्हता. संघराज्याच्या फौजांनी आधीच जिंकलेले काही प्रदेशही त्यातून वगळले होते. परंतु त्याने युद्धाचा अर्थ बदलला आणि सैन्याची दारे कृष्णवर्णीयांना खुली केली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत दाखल झाले होते.

हा जाहीरनामा प्रसिद्ध झाला तसा त्याच्या स्मरणचित्रांचा बाजारही सुरू झाला. कोणी जाहीरनाम्याचा मजकूर सुलेखनात मांडून भोवती वेलबुट्टी काढली, कोणी त्या अक्षरांतून लिंकन यांचा चेहरा उभा केला. पिट्सबर्गच्या डेव्हिड ब्लाइद यांच्या कल्पनेवरून निघालेल्या १८६३ मधील शिलामुद्रित चित्रात लिंकन कागदपत्रांच्या पसाऱ्यात बसून जाहीरनामा लिहिताना दाखविले होते. उलट बाल्टिमोरच्या अडाल्बर्ट व्होल्क या दक्षिणेच्या पक्षपात्याने लिंकन यांना सैतानी प्रतिमांच्या गराड्यात बसविले. स्तुती असो वा निंदा, बहुतेक चित्रकार रूपकांचा आधार घेत होते.

कार्पेंटर यांना नेमके तेच नको होते. प्रसंग जसा घडला, ज्या खोलीत घडला, जी माणसे तेथे होती, तीच आणि तशीच दाखवायची, असा त्यांचा निश्चय होता. त्यासाठी वॉशिंग्टनला जाऊन त्या साऱ्यांना समोर बसविणे भाग होते. एवढ्या मोठ्या कामाला लागणारे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. फ्रेडरिक लेन या मित्राने आर्थिक भार उचलला. इलिनॉयचे लोकप्रतिनिधी ओवेन लव्हजॉय यांनी लिंकन यांच्याकडे शब्द टाकला. गुलामगिरीविरोधी चळवळीत हयात घालविलेल्या लव्हजॉय यांना हे चित्र पाहणे मात्र लाभले नाही. मार्च १८६४ मध्येच त्यांचे निधन झाले.

६ फेब्रुवारी १८६४ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी भरलेल्या एका स्वागत समारंभात कार्पेंटर यांची लिंकन यांच्याशी पहिली भेट झाली. रांगेतून पुढे आलेल्या या तरुण चित्रकाराचा हात हातात घेऊन लिंकन यांनी, आपल्याला देखणे करणे त्याला जमेल का, अशी थट्टा केली. मग निवांत भेट दिली आणि कामाला परवानगीही. निवासस्थानातील भोजनगृह चित्रशाळा म्हणून देण्यात आले. तेथे नऊ फूट उंच आणि पंधरा फूट रुंद असा भव्य कॅनव्हास उभा राहिला.

पुढचे सहा महिने कार्पेंटर जणू त्या घरातलेच एक झाले. लिंकन यांच्या कचेरीत केव्हाही यावे, कोपऱ्यात बसून रेखाटने करावीत, अशी त्यांना मुभा होती. खासगी बोलण्यासाठी आलेले पाहुणे या अनोळखी माणसाकडे पाहून चपापत. तो केवळ चित्रकार आहे, असे सांगून लिंकन त्यांना आश्वस्त करीत. जुलै १८६२ च्या बैठकीत कोण कोठे बसले होते, कोण काय म्हणाले, हे लिंकन यांनी स्वतः कार्पेंटर यांना सांगितले. सिवर्ड यांच्या सल्ल्यानंतर आपण तो मसुदा बाजूला ठेवला, जसा चित्रकार अपुरे रेखाटन बाजूला ठेवतो आणि अधूनमधून त्यावर हात फिरवितो, अशी उपमा त्यांनी दिली होती.

छायाचित्रांचीही मदत घेण्यात आली. ९ फेब्रुवारी रोजी मॅथ्यू ब्रेडी यांच्या छायाचित्रशाळेत अँथनी बर्जर यांनी लिंकन यांची काही छायाचित्रे घेतली, तेव्हा कार्पेंटर सोबत होते. पुढे पाच डॉलरच्या नोटेवर जो चेहरा साऱ्या जगाच्या परिचयाचा झाला, तो त्याच दिवशीच्या छायाचित्रांवर आधारलेला आहे. एप्रिलमध्ये ब्रेडी यांची माणसे छायाचित्रे घेण्यासाठी थेट लिंकन यांच्या कचेरीत आली. रसायनांसाठी अंधारी खोली हवी म्हणून त्यांनी धाकट्या टॅडची खेळाची खोली वापरली. आपल्याला न विचारता खोली घेतल्याचा राग येऊन त्या मुलाने दाराला कुलूप लावले आणि किल्ली घेऊन तो पसार झाला. रसायने आत अडकली. अखेर देशाच्या राष्ट्राध्यक्षालाच उठून मुलाकडून किल्ली मिळवावी लागली.

दिवस मात्र थट्टेचे नव्हते. मे महिन्यात व्हर्जिनियाच्या जंगलात घनघोर लढाई सुरू होती. मृतांचे आकडे रोज येत होते. मागे हात बांधून, मान खाली घालून, डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन दिवाणखान्याच्या अरुंद वाटेवर येरझारा घालणारे लिंकन कार्पेंटर यांनी जवळून पाहिले. तो चेहरा उतरविणे हे आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम होते, असे त्यांना वाटत राहिले. मुदतीत काम व्हावे म्हणून ते रात्री झुंबराच्या प्रकाशात रंगवीत बसत. कधी कधी तर कॅनव्हाससमोरच पहाट होई.

चित्राची मांडणी त्यांनी विचारपूर्वक केली. डावीकडे जहाल मताचे युद्धमंत्री एडविन स्टँटन आणि अर्थमंत्री सॅमन चेस. उजवीकडे नेमस्त मंडळी, म्हणजे नौदलमंत्री गिडियन वेल्स, गृहमंत्री केलेब स्मिथ, टपालमंत्री माँटगोमेरी ब्लेअर आणि महान्यायवादी एडवर्ड बेट्स. दोन्ही गटांच्या मध्ये, परंतु जहालांच्या थोडे जवळ लिंकन. समोर, टेबलापाशी बसून आपला मुद्दा मांडणारे सिवर्ड. यांपैकी स्मिथ काम सुरू होण्याआधी, जानेवारी १८६४ मध्येच निवर्तले होते. त्यामुळे त्यांना समोर बसविणे शक्य नव्हते.

आक्षेपही आले. खुद्द सिवर्ड यांनाच विषयाची निवड पटली नव्हती. गुलामांची मुक्ती ही युद्धाच्या ओघात घडलेली गोष्ट. सरकारची खरी कसोटी युद्धाच्या आरंभी, संघराज्य वाचविण्याच्या निर्णयांत लागली होती, असे त्यांचे मत होते. चेस यांच्या गोटात वेगळी कुरकुर होती. सिवर्ड यांना एवढे महत्त्व का, असा त्यांचा सवाल होता. एका निर्णयाचे श्रेय कोणाचे, हा वाद चित्राचे रंग वाळण्यापूर्वीच सुरू झाला होता.

जुलै १८६४ च्या अखेरीस चित्र पूर्ण झाले. लिंकन यांनी ते न्याहाळले आणि एक बारीक चूक काढली. युद्धकालीन अधिकारांवरील विल्यम व्हायटिंग यांचा ग्रंथ चित्रात दाखविला होता. त्याची बांधणी जुन्या कायदेग्रंथासारखी दिसते, ती बदलावी, असे या मुरलेल्या वकिलाने सुचविले. एरवी त्यांना चित्र मनापासून आवडले. मग ते ईस्ट रूममध्ये लोकांना पाहण्यासाठी खुले करण्यात आले आणि बघ्यांची रीघ लागली. पुढे अनेक शहरांतून त्याची प्रदर्शने झाली.

पण पंधरा फुटी चित्र कोणाच्या घरात मावणार? कार्पेंटर यांच्या डोळ्यांसमोर आरंभापासून त्याची छापील आवृत्ती होती. ते काम मूळ स्कॉटलंडच्या, परंतु न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या अलेक्झांडर हे रिची या कुशल उत्कीर्णकाराकडे आणि प्रकाशन डर्बी अँड मिलर या संस्थेकडे गेले. पोलादी पत्र्यावर बिंदू आणि रेषा कोरायच्या, कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद दाबाच्या यंत्राखाली ठेवून ठसा घ्यायचा, अशी ती पद्धत. सारे चित्र उलटे कोरावे लागे, तेव्हाच ते कागदावर सुलटे उमटे. आठ चेहरे ओळखू येतील इतके बारकाईने कोरणे हे प्रदीर्घ चिकाटीचे काम होते. त्यासाठी आगाऊ वर्गणीदार नोंदविण्यात आले. नोंदवहीतील पहिली सही अब्राहम लिंकन यांची होती.

आपली प्रत पाहण्यास ते राहिले नाहीत. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी साऱ्या देशातून कायद्याने नष्ट झाली. १८६६ मध्ये रिची यांचे चित्र बाजारात आले, तेव्हा ते केवळ एका बैठकीचे चित्र उरले नव्हते. ज्याला लोक आता हुतात्मा मानू लागले होते, त्या नेत्याचे ते स्मारक झाले होते. त्या काळातील सर्वाधिक लोकप्रिय छापील चित्रांत त्याची गणना होऊ लागली. १८७१ मध्ये शिकागोला लागलेल्या भीषण आगीत अंतिम जाहीरनाम्याचे लिंकन यांच्या हस्ताक्षरातील मूळ पत्रक जळून गेले. त्याच्या छापील प्रतिकृती आणि अशी स्मरणचित्रे मात्र हजारो घरांत सुरक्षित राहिली.

त्याच वर्षी, १८६६ मध्ये, कार्पेंटर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील सहा महिन्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. लिंकन यांचे विनोद, त्यांची उदासीनता, १ जानेवारी १८६३ रोजी तासन्‌तास हस्तांदोलन करून बधिर झालेला त्यांचा हात आणि सही थरथरलेली दिसू नये म्हणून त्यांनी घेतलेली काळजी, असे अनेक तपशील या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले. पुस्तक चांगलेच खपले. पण लिंकन यांच्या पत्नी मेरी यांना ते रुचले नाही. चित्रकाराने दाखविली तेवढी जवळीक प्रत्यक्षात नव्हती, अशी त्यांची तक्रार होती. तरीही पुढील पिढ्यांच्या चरित्रकारांना या आठवणी टाळता आल्या नाहीत. कार्पेंटर यांनी लिंकन कुटुंबाचेही एक चित्र रंगविले. त्यावरून जे. सी. बटर यांनी केलेली छापील आवृत्ती १८६७ मध्ये निघाली.

मूळ चित्र मात्र बराच काळ बेवारशासारखे राहिले. काँग्रेसने ते विकत घ्यावे अशी कार्पेंटर यांची इच्छा होती, परंतु सरकारी तिजोरीतून पैसे मिळाले नाहीत. या दीर्घ प्रतीक्षेत ते स्वस्थ बसले नाहीत. पुनःपुन्हा कुंचला हाती घेऊन ते चित्रावर, विशेषतः लिंकन यांच्या चेहऱ्यावर हात फिरवीत राहिले. त्यामुळे मूळचा जिवंतपणा उणावला, असे जाणकारांचे मत आहे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पुसून आठवणीतला चेहरा रंगविण्याचा मोह त्यांना आवरला नाही. रिची यांनी कोरलेल्या पोलादी पत्र्यावर असे हात फिरणे सोपे नव्हते. म्हणूनच त्या पहिल्या रूपाची साक्ष आज छापील प्रतीच अधिक देतात.

अखेर एलिझाबेथ थॉम्पसन या दानशूर महिलेने २५ हजार डॉलर देऊन चित्र विकत घेतले आणि राष्ट्राला अर्पण केले. १२ फेब्रुवारी १८७८ रोजी, लिंकन यांच्या जयंतीदिनी, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या उपस्थितीत त्याचा स्वीकार झाला. चित्र सुपूर्द करताना पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफिल्ड बोलले. ते स्वीकारताना बोलले अलेक्झांडर स्टीफन्स. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारचे हे एकेकाळचे उपाध्यक्ष. दोन्ही बाजूंच्या दिलजमाईचे दृश्य म्हणून त्या समारंभाचे कौतुक झाले. पण आदल्याच वर्षी दक्षिणेतील उरलीसुरली संघराज्याची फौज राजकारणातून बाजूला काढून घेण्यात आली होती. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे मताधिकार एकेक करून हिरावून घेतले जाण्याचा काळ सुरू झाला होता.

या चित्रातील सर्वांत मोठी उणीव आज सहज जाणवते. ज्यांच्या मुक्तीचा हा निर्णय, त्यांच्यापैकी एकही जण चित्रात नाही. सारी पात्रे गोरी, सारी सत्ताधारी. आपल्या पायांनी मळे सोडून संघराज्याच्या छावण्यांकडे निघालेल्या आणि सरकारला निर्णय घेणे भाग पाडणाऱ्या हजारो गुलामांना त्या खोलीत जागा नव्हती. कार्पेंटर यांनी प्रसंग जसा घडला तसाच दाखविण्याचे ठरविले होते आणि त्या बैठकीत खरोखरच कोणी कृष्णवर्णीय नव्हता. तरीही त्यांनी एक खूण ठेवली. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक नकाशा टेकवून ठेवलेला दिसतो. दक्षिणेतील कोणत्या जिल्ह्यात गुलामांचे प्रमाण किती, हे १८६० च्या शिरगणतीवरून दाखविणारा तो नकाशा. जेथे गुलाम अधिक, तेथे रंगछटा अधिक गडद. लिंकन स्वतः तो नकाशा वारंवार पाहत. चाळीस लाख माणसे त्या चित्रात आहेत ती एवढ्याच रूपात, कागदावरील काळोख्या छटांच्या.

या निर्णयाचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तो आदर्श समोर ठेवून आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवावे, ही त्यामागील अपेक्षा होती. वॉशिंग्टनमधील बंद खोलीत झालेल्या बैठकीला जेमतेम अकरा वर्षे लोटली होती. फुले यांच्या ग्रंथाने मात्र कार्पेंटर यांच्या चित्रात जे राहून गेले होते तेच केंद्रस्थानी आणले. मुक्ती देणाऱ्यांपेक्षा जे दास्यात आहेत त्यांची बाजू त्यांनी मांडली.

उत्तरायुष्यात कार्पेंटर यांनी आणखी एका राजकीय निर्णयाला चित्ररूप दिले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील तंटा लवादाने सोडविण्याचे ठरविणाऱ्या १८७१ च्या वॉशिंग्टन तहाचे ते चित्र पुढे राणी व्हिक्टोरियाला भेट देण्यात आले. पण त्याला पहिल्या चित्राची कीर्ती लाभली नाही. २३ मे १९०० रोजी न्यूयॉर्क येथे कार्पेंटर यांचे निधन झाले. ज्या होमर गावातून ते निघाले होते, तेथेच त्यांना चिरविश्रांती लाभली.

त्यांचे भव्य चित्र आज वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत, सिनेटच्या बाजूच्या जिन्यावर आहे. रिची यांनी कोरलेल्या प्रती ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत जतन केलेल्या आहेत. पहिल्या दर्जाचे प्रतिभावंत म्हणून कलेचा इतिहास कार्पेंटर यांची नोंद घेत नाही. पण एक मोठा निर्णय काही माणसे टेबलाभोवती बसून, शंका घेत, थांबत, वेळ तोलत घेतात, हे सामान्य नागरिकाला त्याच्या घरच्या भिंतीवर पाहायला मिळावे, ही त्यांची धडपड होती. ती सफल झाली. चित्राच्या कोपऱ्यातील नकाशाकडे मात्र लोकांचे लक्ष जायला बराच काळ जावा लागला.